नळीत मावणारं तीन तुकड्यांचं धनुष्य : प्रकल्प नोंदी, वागळे इस्टेट, ठाणे

अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकांसाठी १९५० च्या दशकात ज्या सर्व्हायव्हल रायफली (विमान पडलं तर तग धरायला सोबत द्यायच्या) निघाल्या, त्यांतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. त्यांच्याच धर्तीवर नागरिकांसाठी काढलेली आर्मालाइटची एआर-७ घ्या. .२२ ची ही रायफल सुटी केली की नळी, रिसीव्हर (चाप आणि यंत्रणेचा भाग) आणि मॅगझिन तिच्याच पोकळ दस्त्यात बसतात, मागून टोपी लावायची, आणि सगळं गाठोडं साडेसोळा इंचांचं. पाण्यात पडलं तरी तरंगतं. ही रायफल बाजारात आली १९५९ साली आणि आपला शस्त्र कायदाही १९५९ चाच. परवान्याशिवाय .२२ ची रायफल इथे कुणाला बाळगता येत नाही, त्यामुळे ती बनवायचा प्रश्नच नव्हता. कल्पना तेवढी घेतली: तीन तुकडे, एकच खोकं, अवजार एकच, आणि खोकं तरंगलं पाहिजे. त्या कल्पनेवर एक धनुष्य बनवलं. ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

२ ऑगस्ट

मापं ठरली. दोरी चढवायच्या खाचेपासून खाचेपर्यंत साधारण ६१ इंच. मधली मूठ, म्हणजे रायझर, १८ इंच. वरचं आणि खालचं पातं, मैदानावर ज्याला लिंब म्हणतात ते, २४-२४ इंच. ज्या बैठकीवर पातं मुठीला बसतं तिथे दोन इंचांहून थोडी जास्त जागा एकमेकांवर चढते. ताकद २६ इंच ओढीला २८ पौंड, म्हणजे पावणेतेरा किलो. यापेक्षा जास्त ताकदीचा मोह पहिल्या धनुष्यात टाळा. पाती तुटायची ती इथेच तुटतात.

फायबरग्लासची तयार पाती विकत मिळतात, आणि खरं सांगायचं तर वेळेचा हिशेब केला तर तीच स्वस्त पडतात. बांबू निवडला कारण तो हाताने तासता येतो आणि चुकलं तर नुकसान दोनशे रुपयांचं.

९ ऑगस्ट

बांबू. पहिली चूक इथेच. कोकणातला माणगा आणला, भरीव आहे म्हणून. भरीव आहे, पण बारीक. आपल्याला ३५ मिमी रुंद कांब हवी आणि तीही पाठीकडे, म्हणजे सालीच्या बाजूला, शक्य तितकी सपाट. सहा सेंटिमीटर व्यासाच्या बांबूतून ३५ मिमीची कांब काढली तर ती पन्हाळीसारखी निघते. मधे साडेतीन मिमी ठेवायला गेलं की कडांना काहीच उरत नाही. वखारीत परत जाऊन कळक घेतला, बुंध्याकडे १२ सेंमी व्यासाचा. त्यातून काढलेल्या कांबेला मधे साडेतीन मिमी आणि कडेला एक मिमीच्या आसपास मिळतं. एवढं पुरतं.

कळक घेताना बघायचं ते हे: हिरवा नको, पिवळट पडलेला हवा, पेरांमधलं अंतर फुटाच्या वर, आणि कापलेल्या तोंडावर पिठासारखी भुकटी दिसली तर हात लावू नका. ती भुंगेऱ्याची. बांबूत साखर आणि पिष्ट जास्त असताना तोडला की किडा लागतो. अंधाऱ्या पक्षात तोडावा असं जुने लोक सांगतात, ते पाळणारा दुकानदार ठाण्यात भेटणं अवघड. भुकटी बघणं जास्त खात्रीचं.

कांबी कोयत्याने उभ्या फोडल्या. फोडलेली कांब तंतूंबरोबर जाते. करवतीने कापली तर तंतू मधेच तुटतात आणि पुढे तिथूनच चीर उठते.

१० ऑगस्ट

ऑगस्टमधली ठाण्याची हवा म्हणजे ओलं फडकं. कांबी गाळ्यात नुसत्या टांगून सुकणार नाहीत. पत्र्याच्या जुन्या डब्यात तळाशी ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, वर जाळी, जाळीवर कांबी, झाकणाला दोन भोकं. एलईडी बल्ब चालत नाही, त्याला पुरेशी उष्णता नसते. साधा बल्ब आता शोधावा लागतो, जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत मिळाला.

सुकलं कधी हे समजायला आर्द्रतामापक नको. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. प्रत्येक कांबेवर नंबर घाला, रोज त्याच वेळेला वजन करा. एका कांबेचं वजन पहिल्या दिवशी १४२ ग्रॅम, आठव्या दिवशी ११८, बाराव्या दिवशी ११६, पंधराव्या दिवशीही ११६. थांबलं की सुकलं. मधे गणपती आले, त्यामुळे डबा तसाच चालू राहिला. तो उशीर फायद्याचाच ठरला.

२३ ऑगस्ट

मूठ. सागवान, ४० मिमी जाड, रेषा सरळ. वखारीत तुकडा उभा धरून दोन्ही बाजूंनी रेषा बघा. बाजूच्या तोंडावर रेषा तिरकी पळत असेल तर नको, मूठ खिडकीच्या जागी, म्हणजे बाण टेकायला जिथे लाकूड कोरून काढतो तिथे, फुटते. खिडकी कोरल्यावर तिथे लाकूड उरतं २२ मिमी. यापेक्षा कमी करू नका, दिसायला छान दिसलं तरी.

दोन्ही टोकांना पात्यांची बैठक: ६५ मिमी लांब, ३५ मिमी रुंद, आणि लाकडाची जाडी ३० मिमी. दोन्ही बैठका एका पातळीत हव्यात. यावर अख्खा दिवस गेला आणि तो घालवावाच. काचेच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, मूठ उलटी धरून दोन्ही बैठका एकदमच त्यावर घासायच्या. वेगवेगळी घासली की गुण्या लावून कितीही बघा, एक बैठक थोडी तिरकी राहतेच. पेन्सिलीने बैठकीवर चौकड्या आखा. त्या सगळीकडून सारख्या पुसल्या की झालं.

६ सप्टेंबर

पात्याचे तीन थर. पाठीला, म्हणजे निशाण्याकडे, कळकाची कांब. तिची बाहेरची चकचकीत साल तशीच. मधे सागवानाची पट्टी, बुंध्याकडे ४ मिमी आणि टोकाकडे १ मिमी अशी निमुळती. पोटाला, म्हणजे आपल्याकडे, कळकाचीच ३ मिमीची पट्टी, तिची साल काढून दोन्ही बाजूंनी सपाट केलेली. म्हणजे बुंध्याला साडेदहा मिमी, टोकाला साडेसात. सागवान मधे चालतं कारण खरा ताण आणि दाब बाहेरच्या थरांवर येतो, मधल्याने फक्त थरांना सरकू द्यायचं नाही.

पाच मिनिटांत सुकणारा ईपॉक्सी वापरला. मूर्खपणा. पहिल्या थराला लावून दुसऱ्याकडे वळेपर्यंत तो चिकट गोळा झाला होता. क्लॅम्प आवळले, दुसऱ्या दिवशी सोडले, आणि पातं हाताने वाकवलं तर मधोमध फटाक्यासारखा आवाज होऊन थर सुटले. एक पाठीची कांब आणि एक सागवानाची पट्टी वाया.

१३ सप्टेंबर

दुसरा प्रयत्न. हळू सुकणारं साधं अराल्डाइट, दोन्ही नळ्यांमधून समान लांबीची रेघ. घाई नाही, तास-दीड तास हाताशी असतो.

सुटलेले थर नीट बघितल्यावर कळलं होतं की ईपॉक्सी बांबूवर धरला होता, सागवानावरून पापडासारखा निघाला होता. सागवानात तेल असतं. म्हणून चिकटवायच्या अगदी आधी सागवान १२० नंबरने खरखरीत केलं आणि स्वच्छ पांढऱ्या फडक्याने ॲसिटोन लावून पुसलं. फडकं पिवळं येतं. तिसऱ्यांदा पुसल्यावर जवळपास पांढरं आलं, तेव्हा लगेच लावला. पुसून उद्यावर टाकलं तर तेल पुन्हा वर येतं.

आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूब. उभ्या कापून दोन बोटं रुंद पट्ट्या, प्रत्येकी दीड मीटर. साचा म्हणजे दोन प्लायवूड एकावर एक ठोकलेली सरळ पट्टी, वर प्लास्टिकचा कागद. पात्यावर कागद, कागदावर कळकाचीच एक फालतू कांब दाबाला, आणि वरून ट्यूब ताणून गुंडाळत जायचं, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. ताणलेली ट्यूब सगळीकडून सारखा दाब देते. क्लॅम्प तसा देत नाही, दोन क्लॅम्पांच्या मधे फट राहते. पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूब फुकट मिळतात.

बुंध्याकडे पाठीवर आणखी सागवानाची पाचर, १३० मिमी लांब, साडेतीन मिमीपासून शून्यापर्यंत. तिथे बोल्ट येणार. पाचरेचं शून्य टोक कागदाएवढं पातळ झालं पाहिजे. जाड राहिलं की त्याच्या कडेलाच पातं मोडतं.

२० सप्टेंबर

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, त्यामुळे इथे सविस्तर.

पातं मुठीच्या पुढच्या बाजूला बसतं. दोरी ओढली की टोक आपल्याकडे येतं, पातं बैठकीच्या बाहेरच्या कडेवर टेकून तरफेसारखं फिरू बघतं आणि बुंधा पुढे उचलला जातो. त्याला धरतो तो एकटा बोल्ट. बोल्ट बुंध्यापासून २० मिमी आत, बैठकीची कड ६५ मिमीवर, म्हणजे तरफेची आखूड बाजू ४५ मिमी. लांब बाजू ५४५ मिमी. पूर्ण ओढीला टोकावर काटकोनात साधारण ११ किलो येतात. त्याला बाराने गुणा: बोल्टवर १३० किलोच्या वर.

हा हिशेब आधी केला असता तर बरं झालं असतं. आधी बसवले होते पितळी आट्याचे इन्सर्ट, बाहेरून खरखरीत आटे, लाकडात पिळून घालायचे, आत ८ मिमी बोल्टचे आटे. फर्निचरला मस्त. भिंतीवर टांगून कप्पीतून दोरीने ओढत होतो. २० इंचांपर्यंत ठीक, २२ इंचांवर खालच्या पात्याचा इन्सर्ट लाकडासकट उपटून आला आणि पातं समोरच्या शटरवर जाऊन आदळलं. शटरला खड्डा पडला. कप्पीची दोरी तीन मीटर लांब होती आणि ओढणारा बाजूला उभा होता, म्हणून फक्त शटरच.

उपटलेलं भोक बघितलं तर इन्सर्टने पकडलेलं लाकूड जेमतेम दीड मिमीचा कडा होता. सागवान तंतूंच्या दिशेने कितीही घट्ट असो, असं आडवं उपटायला सोपं.

२१ सप्टेंबर

दुरुस्ती. पितळी इन्सर्ट काढून टाकले. भोक आरपार केलं, आणि मुठीच्या मागच्या बाजूने, म्हणजे आपल्याकडून, ८ मिमीचा टी-नट, म्हणजे चकती आणि दात असलेला नट, बसवला. आता बोल्ट ओढतो तेव्हा टी-नटची चकती सागवानावर दाबली जाते. लाकडाला दाब सहन होतो, उपटणं होत नाही. खालचं फाटलेलं भोक सागवानाची खुंटी चिकटवून भरलं, एक दिवस ठेवून नव्याने पाडलं.

बोल्ट ८ मिमी जाड, ५० मिमी लांब, ॲलन डोक्याचा, म्हणजे षटकोनी खाचेचा. पात्याचा बुंधा १४ मिमी, वॉशर २ मिमी, लाकूड ३० मिमी: बरोबर बसतो. टी-नट बसवण्याआधी त्याच्या नळीसाठी १० मिमीचं भोक १२ मिमी खोल. सरळ ठोकला तर सागवान चिरतं, त्यामुळे त्याच्या दाताच्या जागी आधी खिळ्याने बारीक भोकं पाडली आणि ठोकण्याऐवजी बोल्टनेच आवळून आत ओढून घेतला. वागळेमधल्या नटबोल्टच्या दुकानात टी-नट ३ रुपयांना एक. इन्सर्ट ४५ रुपयांचे होते.

२७ सप्टेंबर

एका बोल्टवर पातं आडवं फिरतं. हे अपेक्षित होतं, म्हणून बोल्टपासून २५ मिमी बाहेर ६ मिमीची लोखंडी पिन बैठकीत पुरली होती, ७ मिमी वर डोकावणारी, आणि पात्यात तिच्यासाठी भोक. चूक अशी की पिन आणि भोक वेगवेगळं मोजून पाडलं. पात्यातलं भोक अर्धा मिमी बाजूला गेलं. अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. बोल्टपासून पिन २५ मिमीवर, टोक ५९० मिमीवर: अर्ध्याचे टोकाला पावणेबारा मिमी होतात. दोरी चढवली तर ती मुठीच्या मधून जायच्याऐवजी कडेवरून जात होती, आणि तसं ओढलं असतं तर पातं पिळून उलटं फिरलं असतं.

भोक मोजून पाडायच्या फंदात पडू नका. करायचं ते असं: पात्यातलं पिनेचं भोक ९ मिमीचं, मुद्दाम मोठं, पाडा. पिनेला बुटाचं मेणपॉलिश फासा, तिच्या आजूबाजूच्या बैठकीलाही. भोकात ईपॉक्सी आणि सागवानाचा बारीक भुसा यांचा लगदा भरा. पातं बसवा, बोल्ट हलका आवळा. आता एका टोकाच्या खाचेतून दुसऱ्या टोकाच्या खाचेपर्यंत पतंगाचा साधा दोरा ताणून बांधा आणि तो मुठीवर आखलेल्या मधल्या रेषेवर येईपर्यंत पातं सरकवा. बोल्ट आवळा. चोवीस तास हात लावू नका. नंतर पातं उचललं की आत पिनेच्या मापाचं तंतोतंत भोक तयार. दुसऱ्या पात्याला तेच. दोन्ही पात्यांवर आतल्या बाजूला «व» आणि «खा» असं कोरून ठेवा, अदलाबदल झाली की सगळं मुसळ केरात.

हे केल्यावर पाती काढून पुन्हा दहा वेळा बसवली, दोरा दहाही वेळा त्याच रेषेवर. सुट्या भागांच्या धनुष्यात कसब आहे ते या दोन इंचांत. बाकी सगळं नेहमीचं तासकाम.

४ ऑक्टोबर

वाक मिळवणं. भिंतीवर मुठीला आधार, खाली कप्पी, मागे चौकड्यांचा कागद, आणि बॅगा मोजायचा ५० किलोचा लटकता काटा. २६ इंचांवर १७ किलो, म्हणजे साडेसदतीस पौंड. ताकद जास्त निघाली हे चांगलं, कमी करता येते. वाढवता येत नाही.

कमी करायचं ते पोटाच्या थरातूनच. पाठीच्या सालीला पॉलिश पेपरही लावायचा नाही. पेरांचे उंचवटे सुद्धा नाही, फक्त बोटाला खुपणारी कड मोडायची. पोट खरवडायला रंधा नको, काचेचा तुटलेला तुकडा उत्तम, हातमोजा घाला. दहा वेळा खरवडलं, मग तीस वेळा अर्धी ओढ देऊन पात्याला नव्या जाडीची सवय होऊ दिली, मग बघितलं. तीस वेळा ओढल्याशिवाय दिसतो तो वाक खोटा असतो.

खालच्या पात्यात टोकापासून आठ इंचांवर गुडघा दिसला, म्हणजे एकाच जागी जास्त वाक. तिथे अर्थातच पेर होतं आणि आतून पेराचा उंचवटा सपाट करताना रंधा खोल गेला होता. गुडघ्याला हात न लावता त्याच्या दोन्ही बाजूंचं खरवडून त्याच्याबरोबर आणलं. त्यात तीन पौंड गेले. शेवटी बुंध्याला ९.३ मिमी, टोकाला ६.३, आणि २६ इंचांवर १२.६ किलो. खालचं पातं वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवलं: दोरी आणि बैठकीची कड यातलं अंतर वर ५ मिमी जास्त. बाणाच्या वर एक आणि खाली दोन बोटं लावून ओढणाऱ्याला हे लागतं.

११ ऑक्टोबर

दोरी. आधी मासेमारीची नायलॉन दोरी लावून बघितली, ती रबरासारखी लांबते. दोरी आणि मुठीतलं अंतर सकाळी सात इंच, वीस बाण सोडल्यावर साडेपाच. मनगटावर दोन वळ उठले. डॅक्रॉनच्या (पॉलिएस्टरच्या) बारा धाग्यांची दोरी घेतली, लांबी ५९ इंच, वर मधमाश्यांचं मेण. न ताणणारे नवे धागे लाकडी-बांबूच्या पात्याला लावू नका, ते धक्का गिळत नाहीत, सगळा पात्याच्या टोकाला देतात. खाचा गोल कानशीने, कड अजिबात धारदार नाही.

१८ ऑक्टोबर

बाण. इथे एआर-७ ची नक्कल फसली. पाती २४ इंचांची, त्यामुळे सगळं ठेवायची नळी २५ इंचांची करायचा बेत होता. बाण २८ इंचांचा. म्हणून बाणही दोन तुकड्यांत: कार्बनची नळी मधे कापून आत ॲल्युमिनियमची आटेदार कडी. वागळेत खराद्याकडून सहा जोड करून घेतले, ७२० रुपये. भिंतीजवळ फिरवून बघितलं तर सहापैकी चार बाण जोडाशी डुलतात. आणि कापलेल्या कार्बनच्या तोंडाशी केसाएवढी चीर दोघांत सापडली. चीर पडलेला कार्बन सुटताना फुटून हातात घुसतो, त्यावर वाद नाही. सहाही फेकले.

मग सामानाची नळीच लांब केली. साधे २८ इंची बाण, प्रत्येकी २० ग्रॅम. २८ पौंडांच्या धनुष्याला १८ ग्रॅमच्या खाली जाऊ नका. फार हलका बाण म्हणजे जवळपास रिकामी दोरी सोडल्यासारखंच, आणि रिकामी दोरी सोडली की पातं जातं. कुणी हौसेने हातात घेऊन दोरी ओढून सोडतो, त्याला आधी सांगा.

१ नोव्हेंबर

नळी. ११० मिमीची पीव्हीसी पाइप, ७६० मिमी. एका तोंडाला चिकटवलेली टोपी, दुसऱ्याला आटे आणि रबरी रिंग असलेलं झाकण. आत फोमचे दोन कापलेले गोळे: मूठ मधे, पाती दोन बाजूंना, बाण फोममधल्या भोकांत. ॲलन की झाकणाच्या आत चिकटवलेली. ती हरवली की बाकी सगळं शोभेचं. सिलिका जेलच्या दोन पुड्या.

नळी सात लिटर पाणी बाजूला सारते आणि सामानासकट वजन २.६ किलो, त्यामुळे तरंगणार हे उघड होतं. तलावपाळीवर असले प्रयोग करायला जाऊ नका, सोसायटीचा निळा ड्रम पुरतो. पहिल्यांदा दहा मिनिटांत आत पेलाभर पाणी. झाकणाला दोष दिला, रिंग बदलली, पुन्हा तेवढंच. पाणी येत होतं चिकटवलेल्या बाजूने: पाइपचं तोंड करवतीने कापल्यावर कडेचे तुसडे तसेच ठेवून सोल्यूशन लावलं होतं, त्यातून एक बारीक वाट राहिली. कापून, कानस मारून, दोन्हीकडे सोल्यूशन लावून अर्धा वेढा फिरवत बसवली. एक रात्र ड्रममध्ये, आत कोरडं.

बंद गाडीत उन्हात नळी ठेवू नका. साधा ईपॉक्सी पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि पार्किंगमधली गाडी तेवढी सहज तापते.

८ नोव्हेंबर

कुठे न्यायचं नाही, हे आधी. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याची बाजू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे तीत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन उद्यानात किंवा अभयारण्यात शिरणं हा गुन्हा आहे. नळीत बंद असलं तरी. पनवेलकडचं कर्नाळाही तसंच. शिकार तर कुठेच नाही. त्यामुळे "सर्व्हायव्हल" हा शब्द इथे पॅकिंगपुरता: हे निशाण्यावर मारायचं धनुष्य आहे, जे पाठीवर मावतं.

चाचणी खाजगी बंदिस्त जागेत, मागे भिंत, भिंतीपुढे गोणपाटात ठासलेल्या जुन्या कपड्यांचा दीड फूट जाड गठ्ठा. १५ मीटर. नळीतून काढून दोरी चढवेपर्यंत पहिल्यांदा सहा मिनिटं, आता अडीच. दोनशे बाण. पाती दर पन्नास बाणांनंतर काढून बसवली, बाण त्याच वितीत लागतात.

दोन्ही पात्यांना दोरी काढल्यावर पाऊण इंच कायमचा वाक आलाय. दमट हवेत आणखी येईल. म्हणून पोटाकडून हीटगनने हळू शेकायला हवं होतं, चिकटवण्याआधी. ते राहिलं, आता शेकलं तर ईपॉक्सी सुटेल.

खर्च: कळक १८०, माणगा वाया ९०, सागवान ६५०, ईपॉक्सी ४२०, वाया गेलेला ईपॉक्सी १६०, बोल्ट-पिन-टी-नट ७०, इन्सर्ट वाया ९०, दोरी ३५०, नायलॉन वाया ६०, सहा बाण २१००, खराद वाया ७२०, कापलेल्या नळ्या वाया ९००, पाइप-टोप्या-फोम ५४०. एकूण ६३३०, त्यात वाया २०२०. शटरचा खड्डा धरलेला नाही.

२९ नोव्हेंबर

सहाशे बाण. खालच्या पात्याच्या पिनेचं भोक सैल वाटलं म्हणून मोजलं, ०.२ मिमी वाढलंय. वरचं तसंच आहे. फरक एवढाच की खालच्या भोकातला लगदा ईपॉक्सी कमी आणि भुसा जास्त असा झाला होता, वाळल्यावर बिस्किटासारखा. भोक पुन्हा मोठं केलं, या वेळी बाहेरून ८ मिमी आणि आतून ६ मिमीची पितळी बुश (छोटी नळी) घालून तीच दोऱ्याची युक्ती केली. बुश ३५ रुपये. वरच्या पात्याचीही पुढच्या आठवड्यात.